लिंबाची अमेरिकन वडी : एका पाककृतीचे परीक्षण

नाटक, कीर्तन, कादंबरी, संतवाङ्मयाची नवी आवृत्ती यांची परीक्षणे वाचकांच्या नजरेखालून नेहमीच जात असतात. आज ज्या लिखाणाचा विचार करावयाचा आहे ते जेमतेम एका पानाचे आहे. त्याचा खरा कर्ता कोण हे सांगणे कठीण आहे. आणि जी स्त्री त्याची कर्ती म्हणून जगाला ठाऊक आहे ती कधी जन्मासच आली नाही. हे लिखाण म्हणजे एक पाककृती होय. अमेरिकेत तिला ‘लेमन बार’ किंवा ‘लेमन स्क्वेअर’ म्हणतात. (‘बार’ हा शब्द ऐकताच आम्हा वकिलांच्या डोळ्यांपुढे कोर्टातील आमची खोली उभी राहते आणि इतरांच्या डोळ्यांपुढे भलतेच काही, येथे त्याचा अर्थ चौकोनी वडी एवढाच घ्यावा.)

पाककृतीचे परीक्षण कशाला, ती करून खावी की झाले, असे कोणी म्हणेल. मीही गेल्या श्रावणापर्यंत तसेच म्हणत होतो. न्यू जर्सीत नोकरीस असलेली माझी पुतणी त्या महिन्यात फोंड्यास आमच्या घरी राहावयास आली. येताना तिने एक लहानसा विजेचा ओव्हन, मापाचे पेले आणि ही छापील कृती बरोबर आणली होती. वकिलाला कागद दिसला की तो वाचल्याशिवाय राहवत नाही. कृती प्रत्यक्षात उतरण्यापूर्वीच मी ती दोनदा वाचून काढली होती, ही गोष्ट पुढे येणाऱ्या हकीकतीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

प्रथम कृतीचा आशय सांगतो. 1 पेला मैदा, अर्धा पेला लोणी आणि पाव पेला पिठीसाखर एकत्र चोळून 8 इंची चौकोनी ताटलीत थापावयाचे. हे मिश्रण आपल्या नानकटाईच्या पिठाचे सख्खे भावंड आहे. ते 350 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 177 अंश सेल्सिअसच्या आचेवर 20 मिनिटे भाजावयाचे. तोवर 2 अंडी, 1 पेला साखर, 2 मोठे चमचे लिंबाचा रस, 2 लहान चमचे लिंबाच्या सालीचा कीस, अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ हे सर्व फेटून घ्यावयाचे. मग ते भाजलेल्या थरावर गरम असतानाच ओतून पुन्हा 25 ते 30 मिनिटे भाजावयाचे. पूर्ण थंड झाल्यावर कापले की सुमारे 25 वड्या होतात. खाली खुसखुशीत, वर मऊ, आंबट-गोड आणि किंचित थरथरणाऱ्या अशा या वड्यांवर पिठीसाखर भुरभुरवून त्या पुढे ठेवतात.

ही कृती ‘बेटी क्रॉकर्स कुकी बुक’ या 1963 साली निघालेल्या पुस्तकातील आहे. लेखिका म्हणून ज्यांचे नाव आहे त्या बेटी क्रॉकर या बाई म्हणजे मिनियापोलिस येथील वॉशबर्न-क्रॉस्बी या पिठाच्या कंपनीने 1921 साली निर्माण केलेले एक नाव आहे. कंपनीच्या एका कोड्याच्या स्पर्धेस उत्तरे पाठविताना गृहिणींनी स्वयंपाकाविषयीच्या शंकाही लिहून पाठविल्या. त्या पत्रांना उत्तर देणाऱ्याचे काही नाव हवे म्हणून एका निवृत्त संचालकाचे आडनाव घेतले, त्यापुढे ‘बेटी’ हे घरगुती नाव जोडले आणि कंपनीतील स्त्रियांच्या हस्ताक्षरांतून तिची सही निवडली. 1928 साली ती कंपनी ‘जनरल मिल्स’मध्ये विलीन झाली. 1936 साली या नसलेल्या बाईचे तैलचित्रही काढण्यात आले. 1945 साली ‘फॉर्च्यून’ मासिकाने अमेरिकेतील सर्वांत लोकप्रिय स्त्रियांत तिला एलेनॉर रूझवेल्ट यांच्या खालोखाल स्थान दिले. पुराणांतील मानसकन्या आपल्याला ठाऊक आहेत. परंतु कंपनीच्या संचालक मंडळाची मानसकन्या ही अमेरिकेचीच करामत म्हटली पाहिजे.

कर्ती नाही, मग या लिखाणावर हक्क कोणाचा? या बाबतीत कायद्याचे म्हणणे स्पष्ट आहे. 1996 साली अमेरिकेच्या सातव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ‘पब्लिकेशन्स इंटरनॅशनल विरुद्ध मेरेडिथ कॉर्पोरेशन’ या दाव्यात दह्याच्या पाककृतींचा प्रश्न हाताळला. जिन्नसांची यादी आणि ते एकत्र करण्याची रीत यांवर कोणाची मालकी असू शकत नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 1978 साली आर. जी. आनंद यांच्या नाटकाच्या दाव्यात हेच तत्त्व निराळ्या निमित्ताने मांडले होते : कल्पना सर्वांची, तिची मांडणी मात्र लेखकाची. म्हणजे मैदा, लोणी आणि लिंबू हे सर्वांचे आहेत. पाककृती लिहिणाऱ्याचे स्वतःचे असे जे काही उरते ते केवळ त्याचे शब्द. मग त्या शब्दांचेच परीक्षण का करू नये? कवीला आपण शब्दांविषयी जाब विचारतो, नाटककाराला विचारतो, आणि जिच्या शब्दांवर विसंबून आपण चुलीवर वस्तू चढवितो तिला मात्र काहीच विचारीत नाही.

गुण प्रथम सांगतो. या लिखाणात एकही विशेषण फुकट गेलेले नाही. आपल्याकडील जुन्या पाकपुस्तकांत ‘अंदाजाने’, ‘बेताचे’, ‘जरुरीपुरते’ हे शब्द इतक्या वेळा येतात की नवशिक्या सुनेने रडावे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (1970) वाटी-चमच्याचे माप मराठी घरांत रुजविले, त्यापूर्वीची स्थिती वयस्कर वाचकांना आठवत असेल. अमेरिकेत ही शिस्त पूर्वीच आली होती. बॉस्टनच्या पाकशाळेच्या फॅनी फार्मर यांनी 1896 सालच्या आपल्या ग्रंथात पेला व चमचा सपाट भरून मोजण्याचा आग्रह धरला. पुढील सारे अमेरिकन पाकवाङ्मय त्याच पायावर उभे आहे. लेमन बारची कृती ही त्या परंपरेतील नेटकी रचना आहे. भट्टीची उष्णता किती, ताटली केवढी, वेळ किती, वड्या किती, हे सारे आकड्यांत दिलेले आहे. एखाद्या चांगल्या खरेदीखताप्रमाणे तिच्यात चतुःसीमा स्पष्ट आहेत.

रचनेतील एक खुबी तर मला फारच आवडली. खालचा थर आधी भाजून घ्यावयाचा आणि वरचे मिश्रण तो गरम असतानाच ओतावयाचे. पातळ मिश्रण कच्च्या पिठावर ओतले असते तर ते पिठात मुरून सारा लगदा झाला असता. भाजलेला गरम थर मिश्रणाला स्पर्शताच घट्ट करू लागतो आणि दोहोंमध्ये एक सीमा राहते. एकाच ताटलीत दोन पोत, आणि त्यांतला एकही दुसऱ्यावर अतिक्रमण करीत नाही! इतक्या सोप्या उपायाने हे साधणारी वस्तू आपल्या फराळात मला तरी चटकन आठवत नाही.

आता दोष. पहिला दोष रुचीचा आहे. 1 पेला साखरेला 2 मोठे चमचे रस, म्हणजे रसाच्या आठपट साखर. नाव लिंबाचे आणि राज्य साखरेचे. पिठाच्या कंपनीने काढलेल्या पुस्तकात हे आश्चर्य नव्हे. लहान मुलांना नावडेल असे काहीही त्या काळच्या कंपनीला छापावयाचे नव्हते. पुढील पिढीने ही चूक सुधारली. इना गार्टन या अलीकडच्या लोकप्रिय लेखिकेच्या कृतीत 3 पेले साखरेला 1 पेला रस आहे, म्हणजे साखर रसाच्या केवळ तिप्पट. दोन्ही कृती मी शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा एकाच दाव्यातील खालच्या कोर्टाचा व अपिलाचा निकाल वाचल्यासारखे वाटले. अपील योग्यच होते. मिश्रणात बेकिंग पावडर घालण्याचे प्रयोजनही मला कळलेले नाही. आंबट रसात ती फसफसते आणि वर फेसाचा एक पापुद्रा येतो, एवढाच तिचा पराक्रम.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. ही कृती आज्ञा देते, कारण देत नाही. अंडी दोन का? मिश्रण घट्ट कशामुळे होते? गार्टनबाईंच्या कृतीत मिश्रणात मैदा पडतो, तो कशासाठी? रस फळाचा हवा म्हणजे कोणत्या फळाचा? यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर नाही. ज्या स्वयंपाकघरासाठी ती लिहिली गेली तेथे हे प्रश्न उद्भवतही नसतील. मिनियापोलिसच्या गृहिणीला अंडे वर्ज्य नाही, आणि तिच्या बाजारात लेमन म्हणून एकच जाड सालीचे पिवळे फळ मिळते. परंतु कागद प्रवास करतो. तो जेथे जातो तेथील माणसाला एखादे कलम बदलावे लागते, आणि त्या कलमाचे काम काय होते हे ठाऊक नसेल तर सारा दस्तऐवज कोसळतो. आमच्या घरी तो कोसळला. ती हकीकत आता सांगणे भाग आहे, कारण परीक्षण लिहिण्याचे खरे निमित्त तीच आहे.

तो दिवस श्रावणातील सोमवारचा होता. आमच्याकडे सोमवारी शिवराक, हे या भागातील वाचकांना सांगावयास नको. आई इतर दिवशी मासळी खाते. पण मंगेशाचा वार आणि त्यातून श्रावण, म्हणजे स्वयंपाकघरातील भांडीही वेगळी. पुतणीने सकाळीच वड्या करून ठेवल्या होत्या. तिला अंड्याचा विचार शिवला नसावा, कारण त्या देशात केक-बिस्किटांत अंडे असते आणि कोणी त्याला सामिष म्हणत नाही. मी कृती दोनदा वाचली होती. दोन अंडी माझ्या लक्षात होती.

पालखीहून परतल्यावर चहाबरोबर ताटली आली. आईने एक वडी उचलली, वास घेतला आणि माझ्याकडे पाहून विचारले, ‘‘आज सोमार. हें चलता न्हय?’’ मी काही बोललो नाही. पुतणी समोर उभी होती, तिच्या चेहऱ्यावर मोठा उत्साह होता, आणि आजीने पहिली वडी घ्यावी म्हणून ती सकाळपासून वाट पाहत होती. मी ताटली थोडी आईकडे सरकवली. आईने दोन वड्या खाल्ल्या, वाखाणल्याही.

दिवेलागणीच्या सुमारास पुतणी शेजारच्या मुलीला कृती समजावून सांगत होती. तिच्या बोलण्यात अंड्यांचा उल्लेख आला आणि तो आईच्या कानी पडला. ती उठली, मोरीवर जाऊन चूळ भरून आली, आणि माझ्या पत्नीला म्हणाली की आज देवघरातील समई तू लाव. एवढेच. पुतणीला तिने एका शब्दाने दुखावले नाही. उलट रात्री तिच्या केसांना तेल लावून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोर्टात निघालो असता ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, ‘‘म्हाका आदीं सांगपाक जाय आशिल्लें.’’

भारतीय करार कायदा, 1872 याचे 17 वे कलम मी किती वेळा न्यायाधीशांपुढे वाचून दाखविले असेल! केवळ मौन म्हणजे कपट नव्हे. पण बोलणे हे कर्तव्य असेल, किंवा मौनच बोलण्याच्या तोडीचे असेल, तर गोष्ट वेगळी. या कलमाखाली घोड्याच्या विक्रीची उदाहरणे दिली आहेत. घोडा अधू आहे हे ठाऊक असून विकणारा गप्प बसला तर ते कपट नव्हे. परंतु घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर त्या नात्यामुळेच सांगणे हे त्याचे कर्तव्य होते. आणि घेणाऱ्याने ‘तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा धडधाकट समजेन’ असे म्हटले व विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच. दीडशे वर्षांपूर्वी हा मसुदा करणाऱ्यांनी आमच्या घरचा तो चहाचा प्रसंगच जणू डोळ्यांपुढे ठेवला होता. येथे नातेही होते आणि प्रश्नही विचारलेला होता. विकिलेली वस्तू नव्हती म्हणून कलम लागू होत नाही, हा बचाव मला सुचला होता. तो मी आईपुढे मांडला नाही.

दुकानातील वस्तूविषयी कायद्याने ही सोय करून ठेवली आहे. पाकिटावर हिरवे टिंब असले की वस्तू शाकाहारी. अंडे असले की ती आपल्या नियमांप्रमाणे दुसऱ्या वर्गात जाते आणि तिच्यावर तपकिरी खूण येते. 2020 च्या लेबलविषयक विनियमांनुसार ती खूण आता त्रिकोणी आहे. घरच्या ताटलीवर मात्र खूण नसते. तेथे खूण म्हणजे घरातील माणसाचा शब्द. शिवाय आईचा प्रश्न टिंबाचा नव्हताच. तिला अंडे कधीच चालत नाही असे नव्हे. त्या वारी चालत नव्हते. हा भेद कोणत्या छापील खुणेत मावणार?

पुतणीला झाला प्रकार दुसऱ्या दिवशी कळला. ती रडली, आणि मग ओव्हनकडे वळली. अंड्याशिवाय तीच वडी करून दाखवीन, असे तिने जाहीर केले. येथे मूळ कृतीचे मौन तिला नडले. अंडे काय करते हे कागदावर नव्हते, म्हणून तिने अंड्याच्या जागी कॉर्नफ्लोअर घातले आणि रस, साखर, पाणी व कॉर्नफ्लोअर हे सारे एकदमच शिजविले. मिश्रण क्षणभर दाटले आणि मग पाहता पाहता पातळ झाले. ओव्हनमध्ये अर्धा तास ठेवूनही ते खालच्या थरात झिरपत राहिले. आम्ही ते चमच्याने खाल्ले.

कारण साधे आहे आणि एका वाक्यात छापता आले असते. आम्लाबरोबर उकळले की पिष्टाची बांधणी तुटते. म्हणून पिष्ट आधी पाण्यात शिजवून घट्ट करावे आणि भांडे उतरल्यावर रस घालावा. अंड्याचे तसे नाही. त्यातील प्रथिने उष्णतेने गोठतात. साखर ते गोठणे लांबविते, मैदा त्यास आधार देतो, आणि त्यामुळे इतका आंबट रस असूनही मिश्रण फुटत नाही, मऊ राहते. मूळ कृतीत अंडे हे चवीसाठी नाही, बांधणीसाठी आहे. एवढे कळले असते तर मुलीची एक दुपार वाचली असती.

फळाचाही घोळ होताच. आपले कागदी लिंबू म्हणजे लेमन नव्हे. त्याची साल कागदासारखी पातळ. दोन लहान चमचे कीस मिळविण्यासाठी किसणी थोडी जरी खोल गेली की पांढरा भाग येतो आणि वडी कडू होते. पहिल्या वड्यांत ती कडवट छटा होती. आईने ती वाखाणली ती बहुधा लिंबाच्या लोणच्याच्या सवयीने. कागदी लिंबाची साल अर्धा लहान चमचा पुरे, तीही केवळ वरची हिरवी. रस मात्र लेमनहून अधिक आंबट व अधिक तीव्र वासाचा असतो.

याच ठिकाणी मला एक शोध लागला. त्याचा मला वाजवीपेक्षा जास्त अभिमान वाटतो, वाचकांनी क्षमा करावी. आपले कागदी लिंबू अमेरिकेत ‘की लाइम’ या नावाने ओळखले जाते आणि फ्लोरिडात त्याची ‘की लाइम पाय’ नावाची प्रसिद्ध मिठाई करतात. 2006 साली तिला त्या राज्याची अधिकृत पाय असा मान मिळाला. तीत आटवलेले गोड डबाबंद दूध आणि लिंबाचा रस एकत्र करतात. रूढ कृतीत अंड्याचा बलकही असतो. पण दूध दाट होते ते मुख्यतः रसाच्या आम्लाने. साध्या दुधात लिंबू पिळले तर छेना आणि पाणी वेगळे होतात, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. आटवलेल्या दुधात पाणी थोडे आणि साखर पुष्कळ असल्याने ते फाटत नाही, नुसतेच दाटते. म्हणजे आमच्या लिंबाचा अमेरिकेतील खरा सोयरा मिनियापोलिसला नसून फ्लोरिडाला होता, आणि आम्ही चुकीच्या घरी चौकशी करीत होतो.

पुतणीने तसे केले. खालचा थर मूळ कृतीप्रमाणेच. वर डबाबंद दुधाचा एक डबा आणि अर्धा पेला रस, ज्याला नऊ-दहा लिंबे लागली. दहा मिनिटे भाजून रात्रभर शीतकपाटात ठेवले. सकाळी सुरी स्वच्छ फिरली. या वडीला अंड्याच्या वडीची ती पिवळी चकाकी नाही, आणि जिभेवर दुधाचा जडपणा जाणवतो. पण लिंबाचा वास मूळ वडीहून अधिक स्वच्छ येतो, आणि माझ्या मते रुचीत ती बेटी क्रॉकरबाईंच्या वडीस मागे टाकते. गार्टनबाईंच्या वडीशी मात्र तिची बरोबरी होत नाही. खोटे कशाला बोलू?

राहिला नावाचा प्रश्न. पुतणीचे म्हणणे, ही ‘एगलेस लेमन बार’. मला ते नाव पटत नाही. यात लेमन नाही, अंडे नाही, बांधणीचे तत्त्वच निराळे आहे. मूळ कृतीतून उरला आहे तो केवळ तळ. ज्यात एक वस्तू ‘नाही’ एवढीच ओळख आहे असे नाव घेऊन या वडीने दुसऱ्याच्या दारात उभे का राहावे? नव्या दस्तऐवजास नवे शीर्षक हवे. शिवाय जुने नाव ठेवण्यात धोकाही आहे : उद्या कोणाच्या घरी ‘लेमन बार’ म्हणून अंड्याची वडी पुढे आली तर आमच्या घरची वडी खाल्लेले माणूस निःशंकपणे ती उचलील.

वंशावळीचा मुद्दा मी पुतणीपुढे मांडला, आणि त्याने ती क्षणभर गप्प झाली. वनस्पतिशास्त्रज्ञांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे या साऱ्या फळांचे मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याच्या प्रदेशात आहे, आणि लेमन व कागदी लिंबू ही दोन्ही संकराची अपत्ये आहेत. दोहोंच्या माता वेगळ्या, पिता मात्र एकच : महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हाती जे फळ आहे तेच. तेव्हा लेमन आणि लिंबू ही सावत्र भावंडे झाली. भावंडांना एकमेकांच्या नावाने हाक मारण्याची चाल आपल्याकडे नाही.

‘‘काका, पण ऑफिसात ‘लिंबाची वडी’ म्हटलं तर कोणाला कळणार?’’ असे ती म्हणाली, आणि तेही खरेच आहे.

पुढच्या सोमवारी ताटली पुन्हा चहाबरोबर आली. पुतणीने एका चिठ्ठीवर सारे जिन्नस मापांसह देवनागरीत लिहून ती ताटलीला टेकवून उभी केली होती : मैदा, लोणी, पिठीसाखर, आटवलेले दूध, लिंबू. आईने चष्मा मागितला, चिठ्ठी वरपासून खालपर्यंत वाचली आणि एक वडी उचलली. मग चिठ्ठी घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली, आणि लोणी घरचे की विकतचे ते लिहिलेले नाही, अशी हरकत घेतली.